धंदाच करायचाय, मग आधी कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी करू का?



मागच्या महिन्यात एका मुलीचा मला लांबलचक मेसेज आला. बीबीएचं शेवटचं वर्ष. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांची बेकरी. तिला पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्ममधून ॲनालिस्टची ऑफर आलीय आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. वडील म्हणतात, "मला आता झेपत नाही. तू येणार असशील तर दुकान चालू ठेवतो, नाहीतर गाळा भाड्याने देऊन टाकतो." मुलीला पुढेमागे धंदाच करायचाय. प्रश्न एवढाच की आधी नोकरी की थेट दुकान?

या प्रश्नावर मी व्हिडिओत दहा मिनिटं बोललो, पण आकडे कागदावर बघितल्याशिवाय नीट समजत नाहीत. म्हणून हा सविस्तर धडा. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे, आणि त्या मुलीला मी काय उत्तर दिलं तेही सांगतो.

ही फर्म नेमकं विकते काय?

सोप्या भाषेत, कंपनीला एखादा प्रश्न पडतो आणि तो आतल्या माणसांना सुटत नाही, किंवा सोडवायला वेळ नसतो. विक्री वाढतेय पण नफा का घटतोय? नवीन राज्यात जावं का? कारखान्यात खर्च कुठे गळतोय? अशा वेळी बाहेरची चार-पाच माणसं ठरावीक आठवड्यांसाठी बोलावली जातात. ती माहिती गोळा करतात, आकडे मांडतात, लोकांशी बोलतात आणि शेवटी सांगतात की असं करा. त्या सल्ल्याचे पैसे म्हणजे फर्मचं उत्पन्न. माल नाही, गोडाऊन नाही. विकतात ती माणसांची बुद्धी आणि माणसांचे तास.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत आर्थर डी. लिटल ही फर्म १८८६ सालची. शिकागोत हिशोबशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जेम्स मॅकिन्सी यांनी १९२६ मध्ये मॅकिन्सी फर्म काढली. ब्रूस हेंडरसन यांनी १९६३ मध्ये बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप सुरू केला, आणि तिथूनच बाहेर पडलेल्या बिल बेन यांनी १९७३ मध्ये बेन अँड कंपनी. आजही या धंद्यातली मोठी तीन नावं म्हणजे मॅकिन्सी, बीसीजी आणि बेन. याशिवाय डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या ऑडिटमधल्या चार मोठ्या नावांचे सल्लागार विभाग आहेत. आणि मुंबई-पुण्यात पाच माणसांपासून पन्नास माणसांपर्यंतच्या छोट्या फर्म आहेत, ज्या एखाद्याच विषयात मुरलेल्या असतात. कुणी फक्त रिटेल, कुणी फक्त कारखाने, कुणी फक्त दवाखाने.

पायऱ्या साधारण सगळीकडे सारख्या, नावं थोडी वेगळी. सगळ्यात खाली ॲनालिस्ट, मग असोसिएट किंवा कन्सल्टंट, मग मॅनेजर, मग प्रिन्सिपल आणि वर पार्टनर. मोठ्या फर्ममध्ये एक जुना नियम चालत आलाय, वर चढा नाहीतर बाहेर पडा. म्हणजे एकाच पायरीवर दहा वर्षं बसायची सोय नाही. नोकरदाराला हा नियम भीतीदायक वाटतो, पण तुमच्यासारख्या धंदा करू पाहणाऱ्याला तो सोयीचा आहे. कारण दोन-तीन वर्षांनी तिथून बाहेर पडलेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही.

आत जायचे रस्ते

खरं बोलतो. मोठ्या तीन फर्म मुख्यतः आयआयएम, आयएसबी, आयआयटी आणि दिल्लीच्या काही नावाजलेल्या कॉलेजांमधून थेट कॅम्पसवर मुलं घेतात. तालुक्याच्या कॉलेजातून बीबीए केलेल्याला तो दरवाजा सहज उघडत नाही. मलाही उघडला नाही. पण बाजूचे दरवाजे आहेत.

पहिला, छोट्या फर्म. इथे कॉलेजच्या नावापेक्षा काम बघतात. इंटर्न म्हणून घुसा, तीन महिने जीव तोडून काम करा.

दुसरा, मोठ्या फर्मचे संशोधन आणि डेटाचे विभाग. गुरुग्राम, चेन्नई, बेंगळुरू अशा ठिकाणी अशी केंद्रं आहेत. तिथे क्लायंटसमोर कमी जाल, पण आकडे हाताळायची शिस्त पक्की होते.

तिसरा, एखाद्या धंद्यात आधी दोन-तीन वर्षं काम करायचं. एफएमसीजी कंपनीत सेल्समध्ये वितरकांच्या दारात उन्हातान्हात फिरलेला मुलगा रिटेलच्या छोट्या फर्मला उपयोगाचा वाटतो.

चौथा, एमबीए करून जायचं. पण त्यात वेळ आणि फी दोन्ही जातात. धंदाच करायचा असेल तर फक्त या नोकरीसाठी एमबीए करू नका.

बायोडेटा एका पानाचा. "मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर" हे काढून टाका. त्याऐवजी लिहा, "वडिलांच्या बेकरीत कुठला माल किती उरतो याची तीन महिने नोंद ठेवली, परत जाणारा पाव निम्म्यावर आणला." ज्यात आकडा आहे अशी एक ओळ दहा विशेषणांपेक्षा वजनदार असते. दुकानदाराच्या घरातली मुलं हे लपवतात. लपवू नका, तीच तुमची ताकद आहे.

मुलाखतीतला हिशोब, जिथे मी पडलो

या क्षेत्रातली मुलाखत वेगळी असते. तुम्हाला एक केस देतात. कधी एखाद्या कंपनीचा प्रश्न, कधी नुसता अंदाज बांधायला सांगतात. मी बावीस वर्षांचा असताना मला विचारलं होतं, "पुण्यात वर्षाला शाळेच्या वह्या किती विकल्या जातात?" मी म्हणालो, "सर, गुगलवर बघावं लागेल." समोरचे हसले. पाच मिनिटांत मी बाहेर.

त्यांना उत्तर नको होतं, उत्तरापर्यंत जायचा रस्ता बघायचा होता. तो रस्ता आता आपण एका तालुक्याच्या गावासाठी चालून बघू. सगळे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला.

गावाची लोकसंख्या ६०,०००.
शाळा-कॉलेजात जाणारे, पाचातला एक धरू: १२,०००.
एका विद्यार्थ्याला वर्षाला सरासरी १२ वह्या: १,४४,००० वह्या.
एका वहीची सरासरी किंमत ३५ रुपये: ५०,४०,००० रुपये.

म्हणजे गावात वर्षाला वह्यांचा धंदा अंदाजे पन्नास लाखांचा. मुलाखतीत इथपर्यंत आलात तरी बरं. पण आपण उद्योजक आहोत, आपण पुढे जाऊ.

गावात वह्या विकणारी दुकानं २०. तुम्ही एकविसावं टाकताय. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला असं धरलं तर ५०,४०,००० भागिले २१, म्हणजे तुमची वर्षाची विक्री २,४०,०००. त्यावर मार्जिन २० टक्के धरलं तर ४८,००० रुपये. महिन्याला ४,०००. आणि गाळ्याचं भाडं ८,०००!

बघा, एक रुपया न गुंतवता, एका कागदावर कळलं की नुसत्या वह्यांवर हे दुकान चालणार नाही. सोबत गणवेश, झेरॉक्स, कॉलेजचं प्रोजेक्ट साहित्य, भेटवस्तू असं काहीतरी लागेल, किंवा वाटा सरासरीपेक्षा दुप्पट-तिप्पट खेचायला लागेल. दुसरी गोष्ट, वह्यांची बरीचशी विक्री जून-जुलैमध्ये होते. म्हणजे मे महिन्यात माल भरायला भांडवल लागणार आणि पुढे आठ-नऊ महिने गल्ला हलका राहणार. किती जण दुकान टाकायच्या आधी एवढं मांडतात? मी बघितलेत त्यातले बहुतेक जण फर्निचर करून घेतात, उद्घाटनाला पेढे वाटतात आणि मग हिशोब करतात.

ज्याला मोठे लोक गेस्टिमेट म्हणतात ती गोष्ट एवढीच आहे. पहिली कमाई हीच. आणि ही शिकायला फर्ममध्ये नोकरी लागते असं नाही.

पहिल्या वर्षात काय करायला लावतात?

ॲनालिस्ट म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी कंपनीची दिशा ठरवायला सांगत नाही. एक्सेल शीट देतात. क्लायंटच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या नोंदी, एकाच गिऱ्हाईकाचं नाव पाच प्रकारे लिहिलेलं, तारखा उलटसुलट. ते साफ करा. मग वितरकांना, दुकानदारांना फोन लावा, त्यांची उत्तरं लिहून घ्या. मग स्लाइड करा. मग मॅनेजर म्हणतो, परत करा. रात्रीचे अकरा वाजणं नवलाचं नाही. क्लायंटच्या गावी जाऊन हॉटेलात राहणंही आलंच.

या सगळ्यातून चार सवयी अंगात मुरतात.

एक, प्रश्नाचे तुकडे पाडणे. नफा कमी झाला असं म्हणून डोकं धरून बसायचं नाही. नफा म्हणजे विक्री वजा खर्च. विक्री म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या गुणिले सरासरी बिल. खर्च म्हणजे मालाचा आणि बाकीचा. तुकडे असे पाडायचे की एक गोष्ट दोन ठिकाणी मोजली जाऊ नये आणि कुठलीही सुटू नये. या क्षेत्रात याला मीसी म्हणतात. बार्बरा मिंटो या बाई १९६३ मध्ये मॅकिन्सीत लागल्या, त्यांनी ही पद्धत शिस्तीत बसवली आणि पुढे 'द पिरॅमिड प्रिन्सिपल' हे पुस्तक लिहिलं.

दोन, उत्तर आधी, कारणं नंतर. याच मिंटोबाईंची शिकवण. बँकेच्या मॅनेजरसमोर आपण काय करतो? "साहेब, माझे आजोबा पंच्याहत्तर साली या गावात आले..." इथून सुरू करतो. त्याऐवजी म्हणा, "मला चार लाखांचं खेळतं भांडवल हवंय. तीन कारणं सांगतो." साहेबांचा वेळ वाचतो आणि तुमचं काम होतं.

तीन, "मग काय?" हा प्रश्न. "शनिवारी विक्री जास्त होते." मग काय? "म्हणून शनिवारी दुसरा माणूस काउंटरला हवा आणि माल शुक्रवारी संध्याकाळीच यायला हवा." ज्या आकड्यातून काम निघत नाही तो आकडा नुसती शोभा.

चार, आकडा दोन बाजूंनी तपासणे. माझ्याकडून पहिल्याच प्रोजेक्टला एका रकान्यात आकडे लाखांत आणि दुसऱ्यात हजारांत राहिले. बेरीज सुंदर आली, पण साफ चुकीची. सकाळी क्लायंटपुढे जायचं होतं, रात्री सीनियरच्या नजरेला पडलं म्हणून वाचलो. त्यांनी मला एकच विचारलं, "एवढी विक्री असती तर त्यांच्या गोडाऊनमध्ये माल मावला असता का?" तेव्हापासून मी कुठलीही बेरीज बाहेरच्या एका गोष्टीशी ताडून बघतो. गल्ल्यातली रोकड, यूपीआयचं स्टेटमेंट आणि बिलबुक, तिन्हींचा मेळ रोज रात्री बसायलाच हवा.

एक पूर्ण केस सोडवू: फरसाणचं दुकान

आता या सवयी एकत्र वापरू. सोयीसाठी आकडे गोल केलेत. मालक येऊन म्हणतो, "सर, विक्री वाढली पण हातात पैसा उरत नाही. नोकरांचे पगार मला खातायत." आपण मांडणी करू.

मागच्या वर्षी, महिन्याचे आकडे:
विक्री ६,००,०००
मालाचा खर्च ४,५०,०००
भाडं २५,०००
पगार ४५,०००
वीज आणि इतर २०,०००
नफा ६०,०००

यावर्षी, महिन्याचे आकडे:
विक्री ६,३०,०००
मालाचा खर्च ४,९१,४००
भाडं २५,०००
पगार ४८,०००
वीज आणि इतर २२,०००
नफा ४३,६००

नफा १६,४०० रुपयांनी घटला. पगार वाढले फक्त ३,०००, इतर खर्च २,०००. मिळून ५,०००. म्हणजे मालकाचा राग नोकरांवर, पण ११,४०० रुपये भलतीकडेच गेलेत. कुठे?

मालाचा खर्च विक्रीच्या ७५ टक्के होता, तो ७८ टक्के झाला. इथे थांबलात तर म्हणाल की तेल महागलं, बेसन महागलं. पण तुकडे पाडायचं अजून संपलेलं नाही. विक्रीचे दोन भाग करा, काउंटरची आणि हॉटेलांना दिलेली ठोक. कळतं की मालकाने यावर्षी दोन हॉटेलांना माल द्यायला सुरुवात केलीय.

ठोक विक्री १,००,०००, त्याचा मालाचा खर्च ९३,९००. उरले ६,१००.
काउंटरची विक्री ५,३०,०००, मालाचा खर्च ३,९७,५००. म्हणजे तेच जुनं ७५ टक्के.

बघितलंत? काउंटरचं मार्जिन जसंच्या तसं आहे. तेल-बेसनाचा दोष नाही. पण काउंटरची विक्री सहा लाखांवरून ५,३०,००० वर आलीय. सत्तर हजारांची विक्री गेली, म्हणजे २५ टक्क्यांनी १७,५०० रुपये नफा गेला. हॉटेलांनी दिले ६,१००. फरक ११,४००. हिशोब जुळला.

आता दुकानात जाऊन उभं राहायचं. सकाळी आठ ते दहा मालक आणि मुख्य कारागीर हॉटेलची ऑर्डर भरतायत. ताजी शेव साडेदहाला काउंटरवर येते. सकाळी नाश्त्याला शेव-पापडी न्यायला येणारं गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने गेलं आणि तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात गेलं. ज्या ऑर्डरचं मालकाला कौतुक होतं, तीच ऑर्डर दुकान खात होती.

सल्ला? हॉटेलांना भाव वाढवून मागा, किंवा त्यांचा माल दुपारी करा, दोन्ही जमत नसेल तर ऑर्डर सोडा. आणि उद्यापासून आठच्या आत काउंटर भरा. पगाराला हात लावू नका.

मित्रांनो, ही केस साधी आहे, पण फर्ममध्ये कोट्यवधींच्या कंपन्यांना लावतात ती पद्धत हीच. फक्त रकाने जास्त असतात.

तिथे जे शिकवत नाहीत

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझा धडा खोटा ठरेल.

मी एका छोट्या फर्ममध्ये सव्वादोन वर्षं काढली आणि घरच्या हार्डवेअरच्या दुकानात आलो. पाइप, मोटारी, फिटिंगचं सामान. आल्या आल्या आप्पांच्या उधारीच्या वहीची एक्सेल शीट केली. सुंदर रंगीत चार्ट. निष्कर्ष: विक्रीतला मोठा भाग उधारीत अडकलाय, उधारी बंद करा. आप्पा एवढंच म्हणाले, "बघ बाबा, तुझ्या जिवावर कर." मी पाटी लावली, "आज रोख, उद्या उधार."

दोन महिन्यांत शेतकरी गिऱ्हाईक निघून गेलं. आमच्या भागात शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो उसाचं बिल झाल्यावर. मोटार मात्र उन्हाळ्यात जळते. तो त्या दिवशी रोख कुठून आणणार? आप्पांची उधारी म्हणजे ढिसाळपणा नव्हता, ती त्या भागाच्या पिकाला धरून बसवलेली पद्धत होती. कुणाला किती द्यायची, कुणाला अजिबात नाही, हे त्यांच्या डोक्यात होतं, वहीत नव्हतं. माझी शीट बरोबर होती आणि निर्णय चूक होता. गेलेल्या गिऱ्हाइकांच्या दारात मीच जाऊन आलो. काही परतले, काही नाही. त्यातला एक जण आजही समोरच्या दुकानात पाइप घेताना दिसतो.

आज आमच्याकडे उधारी आहे, पण प्रत्येक नावापुढे मर्यादा आहे आणि वसुलीची तारीख ऊस बिलाच्या हप्त्याशी बांधलेली आहे. आप्पांचं डोकं आणि माझी शीट, दोन्ही लागलं.

सल्लागाराला सल्ला चुकला तर पुढचं प्रोजेक्ट मिळतं. दुकानदाराला चुकलं तर गिऱ्हाईक जातं. फर्ममध्ये तुम्ही कधी स्वतःच्या खिशातून माल भरत नाही, कधी थकलेल्या उधारीसाठी कुणाच्या दारात उभे राहत नाही, कधी दिवाळीच्या तोंडावर सोडून गेलेल्या नोकराची जागा भरत नाही. हे तिथे शिकायला मिळणारच नाही.

गंमत बघा, खुद्द जेम्स मॅकिन्सींच्या वाट्यालाही हे आलं. शिकागोच्या मार्शल फील्ड या प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर कंपनीला त्यांच्या फर्मने सल्ला दिला. त्यात ठोक विक्रीचा विभाग बंद करण्याचाही सल्ला होता. मग कंपनीने त्यांनाच चालवायला बोलावलं. १९३५ मध्ये सल्लागाराची खुर्ची सोडून ते दुकानाच्या खुर्चीत बसले. विभाग बंद करणं, माणसं कमी करणं, लोकांचा रोष घेणं, हे सगळं आता स्वतःच्या सहीने करायचं होतं. १९३७ मध्ये न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. सल्ला देणं आणि गल्ल्यावर बसणं यातलं अंतर या धंद्याच्या जन्मदात्यालाही चालावं लागलं, मग आपण कोण?

मग नोकरी करून धंद्यात आलेले लोक?

आहेत की. नायकाच्या फाल्गुनी नायर १९८५ मध्ये आयआयएम अहमदाबादमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी ए. एफ. फर्ग्युसन या फर्ममध्ये मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणून सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं कोटकमध्ये. नायका सुरू केलं २०१२ मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर. म्हणजे उशीर झाला म्हणून रडायचं कारण नाही.

झोमॅटोचे दीपिंदर गोयल दिल्लीत बेन अँड कंपनीत नोकरीला होते. ऑफिसात जेवण मागवायला लोक मेन्यूकार्डासाठी रांग लावतात हे त्यांनी बघितलं. त्यातून पंकज चड्ढा यांच्यासोबत २००८ मध्ये फूडीबे ही वेबसाइट निघाली, तिचंच पुढे झोमॅटो झालं. त्या रांगेत बाकीचे सहकारीही उभे होते. फरक एवढाच की रांग का लागते हा प्रश्न गोयल यांनी धंद्याच्या नजरेने विचारला.

नोकरी करायचीच तर हे पाच नियम

१. मुदत आधी ठरवा. दोन वर्षं, फार तर तीन. तारीख कागदावर लिहून घरच्यांना द्या. पगार वाढत जातो, फ्लॅटचा हप्ता सुरू होतो, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता चाळिशी येते.

२. पगारातून भांडवल काढा. समजा हातात ३५,००० येतात आणि पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च २२,०००. उरले १३,०००. चोवीस महिन्यांचे ३,१२,०००. हे पैसे वेगळ्या खात्यात टाका. मोबाईल आणि बाइकला यातला रुपया नाही. छोट्या दुकानाच्या सुरुवातीच्या मालाची सोय होते आणि व्याज द्यावं लागत नाही.

३. ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बाँड आहे का? नोटीस किती दिवसांची? नोकरी चालू असताना दुसरा धंदा करायला मनाई आहे का? बहुतेक ठिकाणी असते. आवडलं नाही तर सही करू नका, पण सही केली तर शब्द पाळा.

४. क्लायंटची माहिती क्लायंटचीच. पद्धत तुमची, आकडे त्यांचे. नोकरी सोडताना पेनड्राइव्हमध्ये फाइल भरून आणू नका. मॅकिन्सीचे माजी प्रमुख रजत गुप्ता यांना गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातली गुप्त माहिती बाहेर दिल्याबद्दल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं. आयुष्यभर कमावलेलं नाव गेलं. आपल्या गावात तर विश्वासावरच धंदा चालतो.

५. महिन्यातला एक रविवार दुकानात. घरचं असो नाहीतर ओळखीच्याचं. काउंटरला उभं राहा, गिऱ्हाइकाशी बोला, माल उतरवा. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हाला स्लाइड छान येतील आणि सुट्टे पैसे मोजताना घाम फुटेल.

त्या मुलीला मी काय सांगितलं?

आधी मी तिलाच तीन आकडे काढायला लावले. बेकरीचा महिन्याचा खरा नफा, वडिलांची मजुरी धरून. तिच्या पगारातली शिल्लक. आणि गाळ्याला मिळू शकणारं भाडं. तिने दोन दिवस वह्या चाळल्या. निघालं असं की वडिलांच्या मजुरीचे पैसे धरले तर बेकरीला जेमतेमच सुटतं, आणि गाळा बाजारपेठेत असल्याने भाडं मात्र चांगलं येईल.

मग मी म्हणालो, "गाळा भाड्याने देणं म्हणजे गाळा गमावणं नव्हे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, रीतसर नोंदवा. वडिलांना विश्रांती मिळेल, घरात भाडं येईल. तू दोन वर्षं नोकरी कर, पण तारीख लिहून दे. मात्र भट्टी विकू नका. आणि जायच्या आधी वडिलांसोबत महिनाभर बस. कुठला कारागीर, कुठला मैदा, कुणाची उधारी बुडीत, कुणाची पक्की, लग्नाच्या सीझनला केकची ऑर्डर कोण देतं, हे सगळं लिहून घे. हे कुठल्याही फर्ममध्ये मिळणार नाही आणि दोन वर्षांनी आठवणारही नाही."

वडिलांची तब्येत ठीक असती आणि बेकरीला चांगला नफा सुटत असता, तर मी तिला उलट सल्ला दिला असता. नोकरी सोड, दुकानात ये, आणि गेस्टिमेट यूट्यूबवर शिक. उत्तर तिच्या आकड्यांमधून आलं, माझ्या मतातून नाही. तुमचे आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं असेल.

गृहपाठ

१. तुम्हाला जो धंदा करायचाय, त्याचा तुमच्या गावातला वर्षाचा एकूण बाजार वह्यांच्या उदाहरणासारखा काढा. मग त्याला दुकानांच्या संख्या अधिक एकने भागा. मार्जिन काढा. भाड्याशी तुलना करा.

२. ओळखीच्या एका दुकानदाराकडे जा आणि मागच्या वर्षीचा आणि यावर्षीचा एका महिन्याचा हिशोब फरसाणच्या दुकानासारखा दोन यादींत मांडा. फरकाचा प्रत्येक रुपया कुठे गेला ते जुळवा. जुळत नसेल तोवर कारण सांगू नका.

३. मग त्याच दुकानात एक अख्खा दिवस उभे राहा. शीटमध्ये न दिसलेली एक गोष्ट लिहून आणा.

तिसरा प्रश्न गाळू नका. मी गाळला होता आणि त्याची किंमत माझ्या दुकानाने मोजली.

पुढच्या धड्यात उधारीची मर्यादा कशी ठरवायची ते वहीसकट दाखवतो. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.